'रन' उघडून पाहा, मग शब्दकोश घ्या

फोंड्यात मामलेदार कचेरीपासून हाकेच्या अंतरावर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. पाटीवर काहीही लिहिलेलं असो, घरची चूल पेटते ती अर्ज लिहून देण्यावर. माणूस येतो, कोंकणीत गाऱ्हाणं सांगतो, काखेत मराठी पेपरची घडी असते आणि अर्ज मात्र इंग्रजीत पाहिजे असतो. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा झाली, मराठीही सरकारी कामात वापरता येते, हे मी सांगून पाहतो. 'ना मास्तर, इंग्लिशींतूच बरय. सायब रोखडोच वाचतलो,' हे उत्तर ठरलेलं. साहेब खरंच लगेच वाचतो का, हा विषय वेगळा.

तर इंग्रजी शब्दकोश ही माझ्या मेजावरची शोभेची वस्तू नाही. तो रोज उघडला जातो, त्यावर चहाचे डाग आहेत आणि शिक्क्याची शाई आहे. आज ज्याबद्दल लिहितोय तो ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी, २०२० साली निघालेली दहावी आवृत्ती. याआधीच्या आवृत्त्याही मी वापरल्या आहेत. कॉलेजात जाणारी पोरं, नव्याने नोकरीला लागलेले कारकून, पोरांच्या आया, सगळे मला विचारतात की कुठला घ्यावा. प्रत्येकाला तेच पुन्हा सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो.

आधी पारखायचं कसं ते सांगतो, कारण तिथेच लोक फसतात. पुस्तकाच्या दुकानात उभं राहून शब्दकोश चाळणारा माणूस नेहमी एखादा जड शब्द शोधतो. तो सापडला की खूश. पण जड शब्द हे सगळ्यांत सोपे असतात. 'युजुफ्रक्ट' घ्या. गोव्यातल्या विक्रीखतांत, वारसाच्या कागदांत हा शब्द पावलोपावली भेटतो. मालकी एकाची, उपभोगाचा हक्क दुसऱ्याचा, एवढाच त्याचा अर्थ आणि कुठल्याही बऱ्या कोशात तो एका ओळीत आटपतो. मासळीसारखंच आहे हे. इसवणाच्या, म्हणजे सुरमईच्या, तुकडीत मधला एक काटा बाजूला केला की झालं, पेडव्यासारख्या बारक्या मासळीत मात्र मोजता येत नाहीत इतके काटे. इंग्रजीतले पेडवे म्हणजे गेट, टेक, पुट, सेट, रन. शब्दकोश घेताना ह्यांतला एक उघडायचा. मी 'रन' उघडतो.

'रन'च का, तर त्याची ख्यातीच तशी आहे. अनेक खंडांची जी मोठी ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी, तिच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद 'सेट' या क्रियापदाची होती. तेवढ्या एका शब्दाला साठ हजार शब्द लागले होते. पुढे तिसऱ्या आवृत्तीचं काम चालू असताना 'रन'ने त्याला मागे टाकलं. पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकाने या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ वेगळे काढले आणि त्यात त्याचे सुमारे नऊ महिने गेले. आमच्या पोरांना पहिलीत 'रन म्हणजे धावणे' असं शिकवतात, तोच हा शब्द.

आता हाच शब्द आमच्याकडे सर्रास खपणाऱ्या खिशातल्या इंग्रजी-मराठी कोशात पाहा. नाव घेत नाही, कारण सगळे साधारण सारखेच. 'धावणे, पळणे, वाहणे, चालवणे, गळणे, पसरणे, निवडणूक लढवणे' अशी एका दमात माळ. एकही वाक्य नाही. कुठला अर्थ कुठे लागतो याचा पत्ता नाही. ज्याला आधीच येतं त्याला तो आठवण करून देतो, ज्याला येत नाही त्याला तो सात दारं दाखवून मोकळा होतो. मोबाइलवरचं भाषांतर म्हणाल तर एका बाईंनी मला त्यातून काढलेला मराठी मजकूर दाखवला होता. शेजाऱ्याच्या इंग्रजी नोटिशीत नाला सीमेलगत 'रन' करतो असं होतं, मोबाइलने त्याचं 'नाला सीमेवर धावतो' केलं होतं. बाई घाबरून विचारत होत्या, पूर येणार म्हणतोय की काय?

लर्नर्स डिक्शनरी इथे वेगळी पडते. 'रन'ची नोंद उघडली की आधी तिन्ही रूपं, रन-रॅन-रन. हे वाचूनही 'हॅज रॅन' लिहिणारे आहेतच, त्याला कोश काय करणार. मग लांब नोंदीचे तुकडे पाडलेले आणि प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात एक छोटी पाटी. पायांनी धावणं, कारभार चालवणं, बसगाड्या-आगगाड्या, यंत्र, द्रव, रंग, निवडणूक अशा त्या पाट्या. बाजारात नवख्या माणसाने दुकानांच्या पाट्या वाचत पुढे सरकावं तसं सरकायचं नाही, थेट आपल्या पाटीवर उडी मारायची. माझ्याकडे समजा हॉटेलच्या परवान्याचा अर्ज आहे, तर मला धावण्याशी देणंघेणं नाही. मी 'मॅनेज' या पाटीपाशी जातो. तिथे अर्थ, त्याखाली वाक्यं आणि हे क्रियापद कर्म घेतं की घेत नाही याची खूण.

ही खूण लोक पाहतच नाहीत आणि माझ्या मते अर्धे पैसे तिचेच आहेत. 'शी रन्स अ शॉप' म्हणजे ती दुकान चालवते, पुढे कर्म हवंच. 'द फेरी रन्स टिल मिडनाइट' म्हणजे फेरी मध्यरात्रीपर्यंत चालू असते, इथे कर्म नको. खिशातल्या कोशात 'चालणे' आणि 'चालवणे' शेजारी शेजारी बसवून दिलेले असतात आणि कोण कुठे जायचं ते त्यांनी आपसांत ठरवायचं असतं.

असा कोश कुणाला सुचला, तर ए. एस. हॉर्नबी या माणसाला. तो १९२४ पासून जपानात इंग्रजी शिकवत होता. हा कोश पहिल्यांदा १९४२ साली तोक्योत छापला गेला, नाव वेगळं होतं, आणि ऑक्सफर्डने तो १९४८ मध्ये आपल्याकडून काढला. म्हणजे ज्यांच्या घरात कुणीच इंग्रजी बोलत नाही, शब्द ऐकून ऐकून कानावर पडत नाही, अशा मुलांसाठी हा कोश जन्माला आला. लंडनच्या पोराला 'रन'पुढे कर्म लागतं का हे कुणी सांगावं लागत नाही. तोक्योच्या पोराला लागतं, सावर्ड्याच्या पोरालाही लागतं. हॉर्नबीला ते वर्गात उभं राहून कळलं होतं, आणि आठ दशकांनंतरही त्याचा हा कणा तसाच आहे.

आता धंद्यातलं एक उदाहरण देतो, त्याशिवाय कोशाची खरी किंमत कळायची नाही.

सावईवेऱ्याकडचे एक कुळागरवाले, म्हणजे नारळ-पोफळीच्या बागेचे मालक, आले होते. डोंगरातल्या झरीचं पाणी पाटाने उतरत येतं, वरच्या कुळागरातून खालच्या कुळागरात, हे पिढ्यान् पिढ्या चाललेलं. वरच्याने पाट अडवला. खालची माडी-पोफळी सुकायला लागली. त्यांच्या शिकलेल्या भाच्याने मसुदा तयार करून आणला होता. त्यात 'द कॅनल इज गोइंग फ्रॉम हिज प्रॉपर्टी' असं होतं. भाचा हुशार आहे, पण हे मराठीतलं 'त्याच्या जागेतून पाट जातो' जसंच्या तसं उचललेलं. वाचणाऱ्याला वाटेल, कालवा त्याच्या जागेतून निघून चालला आहे, बरंच झालं! शिवाय कॅनल म्हटलं की इथल्या कचेरीत तिळारीचा कालवा डोळ्यांपुढे येतो, पोफळीच्या मुळाशी खेळणारा वीतभर रुंदीचा पाट नव्हे.

इथे 'रन'ची ती पाटी लागते, एका ठिकाणापासून दुसऱ्या ठिकाणापर्यंत पसरण्याची. रस्ता, भिंत, वाट, पाट, वीजवाहिनी, सगळ्यांना हाच अर्थ. आणि कोश तिथे खुणेने सांगतो की या अर्थी 'रन' एकटा उभा राहत नाही, पुढे दिशेचा शब्द हवाच हवा. थ्रू, अलाँग, अक्रॉस, फ्रॉम अमुक टू तमुक. आमच्या धंद्यात सगळं भांडण ह्या छोट्या शब्दांत असतं. 'द वॉटर चॅनल रन्स थ्रू सर्व्हे नंबर अमुक' म्हटलं तर पाट त्या माणसाच्या जमिनीच्या पोटातून जातो. 'रन्स अलाँग' म्हटलं तर तो हद्दीच्या कडेकडेने जातो, जमीन दुभंगत नाही. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीच्या, उताऱ्यावर आणि सर्व्हेच्या नकाशावर काय आहे ते पाहून शब्द निवडावा लागतो. आपल्याकडे तोंडी बोलताना 'वयल्यान वता', म्हणजे वरून जातो, म्हटलं की भागतं, कारण सांगणारा हाताने दाखवतो. कागदाला हात नसतात.

तक्रार करायची तर एवढीच की थ्रू आणि अलाँग यांतला हा फरक 'रन'च्या नोंदीत बसून कळत नाही. त्यासाठी ती दोन पानं वेगळी उघडावी लागतात. कोशाच्या स्वभावातच ते आहे. पण जो माणूस हे करत नाही, तो अर्ध्यावर थांबतो.

पाट सोडून मुदतीकडे येऊ. भाडेकरार अकरा महिने 'रन' होतो. खिशातल्या कोशाने 'धावणे' सांगितलेल्या माणसाला हे वाक्य वाचून वेड लागेल, लर्नर्स कोशात मात्र 'ठरावीक काळ चालू राहणे' अशी सरळ जागा आहे. वकिलांचा 'रन' याच कुळातला. १९६३ च्या मुदत कायद्याच्या नवव्या कलमात म्हटलंय की एकदा मुदतीचा काळ सुरू झाला की मागाहून आलेल्या अडचणीने तो थांबत नाही, आणि 'सुरू झाला' यासाठी तिथे 'बिगन टु रन' असा शब्दप्रयोग आहे. माझ्याकडे येणारे बरेच लोक या 'रन'चे बळी. आजारपण आलं, भाऊ परदेशी गेला, म्हणून दावा राहिला. काळ आपला चालूच. आणखी पुढे 'रन्स विथ द लँड' म्हणून एक प्रकार आहे, जी अट जमीन विकली तरी नव्या मालकाच्या मानगुटीवर तशीच बसते ती. पण ते कायद्याच्या कोशाचं काम. विद्यार्थ्यांच्या कोशाकडून ती अपेक्षा ठेवू नये, आणि ठेवून अर्ज तर मुळीच लिहू नये.

जोडक्रियापदांचा भाग नोंदीच्या अगदी शेवटी आहे. म्हणी-वाक्प्रचार संपले की मग. दमून अर्ध्यावर कोश मिटणाऱ्यांना तो दिसतच नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. रन आउट, रन ओव्हर, रन डाउन, रन अप, रन इन्टू, रन ऑफ. प्रत्येकाचं बिऱ्हाड वेगळं. माझ्या झेरॉक्स मशीनवर प्रती काढणं हे रन ऑफ. वाण्याच्या दुकानात उधारी फुगवणं हे रन अप. मे महिन्यात टाकीतलं पाणी संपतं ते रन आउट, आणि विहीर आटते तेव्हा मात्र 'रन ड्राय', ते यात नाही, 'होणे' या अर्थाच्या पाटीखाली आहे.

सगळ्यांत जपून वापरायचा तो रन इन्टू. भाड्याच्या दुचाक्यांच्या या राज्यात अपघाताची निवेदनं मला नेहमी लिहावी लागतात. 'आय रॅन इन्टू माय नेबर ॲट तिस्क' या वाक्याचे दोन अर्थ. तिस्कावर शेजारी अचानक भेटला, किंवा तिस्कावर मी शेजाऱ्याला धडक दिली. पहिल्यात चहा होतो, दुसऱ्यात विम्याचा दावा. कोशाने हे दोन्ही अर्थ वेगळे मांडलेत, आणि तिसराही दिलाय, आकडा अमुक रकमेपर्यंत पोचणे. दुरुस्तीचं बिल लाखांत गेलं तर तेही रन इन्टूच. एकाच निवेदनात हे तिन्ही आणणारा पक्षकार मला अजून भेटायचाय. रन ओव्हरच्या बाबतीत एक बारीक सोय सांगतो. कर्म मध्ये येतं की शेवटी, की दोन्हीकडे चालतं, हे बाणाच्या खुणेने दाखवलेलं असतं. हे पान मी आमच्याकडे शिकाऊ म्हणून येणाऱ्या मुलीला आधी वाचायला लावतो.

आपल्या माणसाला 'रन'चे काही अर्थ शिकवावेच लागत नाहीत, हेही खरं. दुकान चालतं, घड्याळ चालतं, बस चालते, कोर्टात केस चालते. 'चालणे' आपल्याकडे इतकं राबतं की तिथे 'रन' ठेवून दिला तर बऱ्याचदा बरोबर येतो. गडबड होते ती पुढे. 'मुलीला बारावं चालू आहे' याचं आमच्याकडे हमखास 'शी इज रनिंग ट्वेल्व्ह' होतं. कानाला इतकं सवयीचं झालंय की मीही कुणाला हसत नाही, पण शाळेच्या अर्जात तसं लिहीत नाही. 'इज रनिंग' हा एकूणच आपला लाडका. 'माय हजबंड इज रनिंग अ शॉप.' चूक म्हणता येणार नाही, पण नवरा हल्लीच तात्पुरता बसलाय असा वास येतो. वर्षानुवर्षं चालवतो तर 'रन्स'. बस आज उशिरा धावतेय तेव्हा 'इज रनिंग लेट', दर अर्ध्या तासाने असते तेव्हा 'रन्स एव्हरी हाफ ॲन अवर'. कोशातली उदाहरणं सावकाश वाचली तर हा फरक आपोआप अंगात मुरतो, कुणी व्याकरणाचा नियम पाठ करायला लावावा लागत नाही.

निवडणुकीची गंमत तर वेगळीच. पंचायतीच्या निवडणुका आल्या की पत्रकांचा मजकूर तपासायला लोक येतात. एकाने 'रनिंग फॉर पंच' लिहून आणलं होतं, इंटरनेटवर पाहून. कोशात या अर्थापुढे 'विशेषतः उत्तर अमेरिकी' अशी चिठ्ठी आहे. ब्रिटिश माणूस निवडणुकीला 'स्टँड' करतो, म्हणजे आपल्यासारखा उभा राहतो. भारतातल्या कागदपत्रांत 'कंटेस्ट' चालतं. उमेदवाराला मी एवढंच म्हटलं की बाबा, अमेरिकेत धावतात, इथे उभं राहावं लागतं. त्याने 'कंटेस्टिंग' केलं. ही अशी देशपरत्वे चिठ्ठी लावणारा कोश जवळ असणं बरं, कारण हल्ली पोरांचं अर्धं इंग्रजी पडद्यावरून येतं आणि ते कुठल्या देशाचं हे त्यांना ठाऊक नसतं.

आता उणीव. उदाहरणांचं जग परकं आहे. बायकांच्या पायमोज्याला उसवण जाते तो 'रन', बंदुकांची चोरटी ने-आण करतात तो 'रन', हे सगळं आहे. असायलाच हवं. पण पाट, वाट, उतारा, कुळागर हे माझं मलाच भरून काढावं लागतं. सुतार-गवंडी रोज वापरतात तो 'रनिंग फूट' मला सुताराने शिकवला, कोशाने नव्हे. ओटा किती रनिंग फूट, कुंपण किती रनिंग मीटर, इथली सगळी बिलं त्यावर चालतात. सलग मोजलेली लांबी, रुंदी धरायची नाही. 'रनिंग' ही कोशात 'रन'पासून वेगळी नोंद आहे, हे लक्षात ठेवा. 'थ्री डेज रनिंग' म्हणजे लागोपाठ तीन दिवस, हे तिथे मिळेल, 'रन'खाली शोधत बसाल तर हाती काही लागायचं नाही.

दुसरी गोष्ट उणीव म्हणावी की नाही, ठरवता येत नाही. यात मराठी अक्षर एक नाही. अर्थ इंग्रजीतच, साधारण तीन हजार नेहमीच्या शब्दांच्या मर्यादेत सांगितलेले. ते तीन हजार ज्याला येतात त्याला कोश मोकळा, ज्याला येत नाहीत त्याला कुलूपबंद. गोव्यात मराठी किंवा कोंकणी प्राथमिक शाळेतून आलेलं पोर पाचवीत एकदम इंग्रजीत पडतं. त्याच्या हातात हा ठोकळा देणाऱ्या आईबापांना मी स्पष्ट नको म्हणतो. पोर घाबरतं, आणि महागडी वस्तू म्हणून कपाटात ठेवली जाते. पाचवी-सहावीला चित्रांचा छोटा कोश, जोडीला तो खिशातला इंग्रजी-मराठी, नावं ठेवली तरी. आठवीपासून हा. काहींना नववीत. दोन्ही कोश एकाच मेजावर असायला हरकत नाही. मी स्वतः आजही मराठी प्रतिशब्द सुचेना की तो फाटका खिशातला उघडतो. अर्थ कळलेला असतो, नेमका शब्द जिभेवर येत नसतो, तेव्हा ती माळ उपयोगी पडते.

बरोबरीचे कोश दोन, थोडक्यात. कोबिल्ड, १९८७ साली आला, तो अर्थ पूर्ण वाक्यात सांगतो, 'तुम्ही एखादा धंदा रन करता तेव्हा तुम्ही...' या थाटात. वाचायला फार गोड, एकटा शिकणाऱ्याला शिक्षक शेजारी बसल्यासारखा. पण घाईत शोधणाऱ्याला वाक्य पुरं होईपर्यंत थांबावं लागतं, आणि माझ्या काउंटरपलीकडे माणूस उभा असतो. लाँगमनचा १९७८ पासूनचा कोश अर्थ सांगायला सुमारे दोन हजारच शब्द वापरतो, म्हणून नववीच्या मुलाला तो ऑक्सफर्डपेक्षा थोडा सोपा जातो. शिवाय कुठला शब्द बोलण्यात जास्त आणि कुठला लिहिण्यात, हे तो वेगळं दाखवतो. घरात एकच कोश आणि वापरणारा शाळकरी असेल तर मी लाँगमन म्हणेन. कारकून, पत्रं लिहिणारा, स्पर्धा परीक्षावाला असेल तर ऑक्सफर्ड.

कागद की मोबाइल, हा प्रश्न आता प्रत्येक जण विचारतो. ऑक्सफर्डचा हा विद्यार्थी-कोश आणि लाँगमनचाही, दोन्ही इंटरनेटवर फुकट पाहता येतात, आणि उच्चार ब्रिटिश-अमेरिकन दोन्ही ऐकू येतात. उच्चारासाठी मी तेच वापरतो. नुसत्या एका शब्दाचा अर्थ पाहायचा तर पुस्तक विकत घ्यायची गरज नाही, हे सरळ सांगतो. पण 'रन'सारखी लांब नोंद मोबाइलच्या पडद्यावर अंगठ्याने ढकलत न्यायची म्हणजे मधल्या पाट्या दिसतच नाहीत. तळाच्या जोडक्रियापदांपर्यंत कुणी पोचत नाही. छापील पानावर सगळी नोंद एका नजरेत पसरलेली असते. शोधायला गेलो रन आउट आणि नजर गेली रन थ्रूवर, असं होतं, आणि तेच शिकणं.

छापील घेणार असाल तर गोव्याचा पाऊस लक्षात ठेवा. कागद पातळ असतो आणि जुलैच्या दमट हवेत पातळ कागदाची पानं एकमेकांना धरून बसतात. बंद कपाटात तर बुरशी. मी पावसाळ्यात तो मेजावर उघडाच ठेवतो, अधूनमधून पंख्याखाली पानं उलटवतो, कपाटात ठेवलाच तर डांबरगोळ्या. रोज वापरात असलेल्या कोशाला कसर लागत नाही, हा माझा अनुभव.

शेवटचा सल्ला पैशाचा. नवी आवृत्तीच हवी असा हट्ट नको. दहाव्या आवृत्तीत शब्दांपुढे पातळी दाखवणाऱ्या ए-वन, बी-टू अशा खुणा आहेत, परीक्षा देणाऱ्याला त्या कामाच्या. बाकीच्यांना आठवी किंवा नववी आवृत्ती जुन्यात मिळाली तर बिनधास्त घ्यावी, 'रन' तेवढ्यात काही बदललेला नाही. घेताना मधली पानं गळालेली नाहीत ना, आणि 'आर'च्या पानांवर आधीच्या मालकाने पिवळ्या रंगाचा चिखल केलेला नाही ना, तेवढं पाहा. काही जुन्या आवृत्त्यांसोबत सीडी येते. तिच्यासाठी जास्तीचे पैसे मागितले तर देऊ नका, ती चालवायला तुमच्या घरात यंत्र उरलेलं नसणार.